नवीन स्पेस टेक्नॉलॉजी वर नेऊनच का टेस्ट करतात, खाली लॅबमध्ये जमत नाही का?

भाऊ, लॅबमध्ये बाकी सगळं जमतं, व्हॅक्यूम म्हणा, थंडी म्हणा, हादरे म्हणा, पण गुरुत्वाकर्षण बंद करायचं बटण काय सातपूर एमआयडीसीत मिळत नाही. विमान वर-खाली झेपा घेत उडवलं की एका झेपेत साधारण 20 सेकंद तरंगायला मिळतं, बास. आणि तरंगताना पाणी उकळलं तरी बुडबुडे वर येत नाहीत, टाकीतलं इंधन तळाला बसत नाही, मग पंप ओढणार काय? इस्रोने मात्र भारी जुगाड केला, पीएसएलव्ही रॉकेटचा वापरून झालेला चौथा टप्पाच पोएम नावाने पृथ्वीभोवती फिरती लॅब केला, जानेवारी 2024 मध्ये त्यावर फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणारा संच, चालवून पाहिला आणि 2025 मध्ये तर चक्क चवळीला मोड आणले! आपल्या मिसळीतल्या मटकीचा नंबर कधी लागतो बघू.