विचारा की : मुलाचा फोन जर्मनीला धाडायचाय, बॅटरीचं काय?

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा शिकायला जर्मनीला गेलाय. गडबडीत त्याचा जुना फोन, २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि चार्जिंगचा ट्रिमर घरीच राहिला. बँकेचे ओटीपी त्या जुन्या फोनवरच येतात म्हणून तो रोज मागे लागलाय. इथल्या एका कुरिअरवाल्याला विचारलं तर म्हणे काकू, सगळं चादरीत गुंडाळा आणि फॉर्मवर नुसतं कपडे लिहा, कोण बघतंय. सोबत शेंगाचटणी पण द्यायची होती. असं पाठवलं तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, चादर पाठवा, चटणी पाठवा, पण त्या कुरिअरवाल्याचा सल्ला तेवढा त्याच्याच दुकानात ठेवा. कोण बघतंय म्हणजे काय, एक्स-रे मशीन बघतंय की! सोलापुरातून खोकं बिनबोभाट निघेल हो, पण विमानात चढायच्या आधी प्रत्येक पार्सल स्क्रीनिंगमधून जातं आणि बॅटरी त्यात स्पष्ट दिसते, मग ती एका चादरीत गुंडाळा नाहीतर चार. पुढं पार्सल अडकतं, परत येतं किंवा तिथंच नष्ट करतात. आणि फॉर्मवर सही तुमची असते, कुरिअरवाल्याची नाही. आत धोकादायक वस्तू नाही असं त्या सहीनं तुम्ही लिहून दिलेलं असतं, म्हणजे उद्या काही झालं तर तो हात वर करून मोकळा.

आता तुमच्या तीन वस्तू. यात सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे, बॅटरी यंत्राच्या आत बसवलेली आहे की सुटी आहे. फोन आणि ट्रिमर यांच्यात ती आत असते, म्हणून नियमात बसवून जाऊ शकतात. पॉवर बँक मात्र दिसायला यंत्र असली तरी नियमाच्या हिशेबात ती सुटी बॅटरीच, त्यामुळं आंतरराष्ट्रीय पोस्टानं ती जातच नाही. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून न्यायलाच बंदी आहे, फक्त मालवाहू विमानातून आणि तेही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसेल तर. घरगुती एका नगासाठी एवढे सोपस्कार कोण करणार? पॉवर बँक तुम्हीच वापरा, त्याला तिकडं नवी घेऊ दे.

एवढं कडक का, असं लोक फार विचारतात. लिथियम बॅटरी आतून शॉर्ट झाली, चेपली किंवा जास्त तापली की तिची उष्णता तीच वाढवत नेते, शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या शेजारचा. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन नावाचा गॅस असतो, त्यानं ज्वाळा दबतात पण बॅटरीच्या आतली उष्णता तशीच चालू राहते. ३ सप्टेंबर २०१० ला यूपीएसचं एक मालवाहू बोईंग ७४७ दुबईजवळ कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्याच्या मालात लिथियम बॅटऱ्या भरपूर होत्या आणि आग मालातच लागली होती. म्हणून तर पॉवर बँक केबिनमध्ये हाताशी ठेवायला लावतात, धूर दिसला तर निदान कोणीतरी धावतं, पाणी ओतून गार करता येतं.

तर फोन आणि ट्रिमर. बॅटरी १०० वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) आत हवी आणि एका पार्सलात अशा दोनच. हिशेब सोपा आहे, एमएएचला १००० नं भागा आणि व्होल्टनं गुणा. ५००० एमएएचचा फोन ३.७ व्होल्टनं १८.५ वॅट-अवर होतो, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. ट्रिमरची बॅटरी तर त्याहून लहान.

पोस्टानं पाठवायचं असेल तर एक अट आहे, आत बसवलेली बॅटरीसुद्धा पाठवणाऱ्या देशाच्या पोस्टाला तिथल्या विमान वाहतूक खात्याची परवानगी असेल तरच घेतात. म्हणून पॅकिंग करायच्या आधी काउंटरवर जर्मनीचं नाव घेऊन आणि वस्तू दाखवून विचारा, टेप मारून झाल्यावर नको. मोठ्या कुरिअर कंपन्यांकडं यंत्रातली बॅटरी घ्यायची सोय असते पण गल्लीतल्या प्रत्येक एजंटाकडं ती असेलच असं नाही, त्यालाही आधीच विचारा. फॉर्मवर खरं ते लिहा, वापरलेला मोबाईल, आत लिथियम-आयन बॅटरी बसवलेली, यूएन ३४८१. यंत्रातल्या लिथियम-आयन बॅटरीचा हा आंतरराष्ट्रीय नंबर बघितला की समोरच्याला कळतं तुम्ही माहिती काढून आलाय.

फोन पूर्ण बंद करा, नुसता स्क्रीन बंद नाही. चार्जिंग तीसेक टक्क्यांवर आणून ठेवा. ट्रिमरचं बटण वाटेत दाबलं जाणार नाही असं बघा, लॉक असेल तर लावा. खोकं कडक पुठ्ठ्याचं घ्या आणि आत काही हलता कामा नये. चटणी कृपा करून दुसऱ्या खोक्यात द्या, आपल्या चटणीला तेल किती सुटतं तुम्हाला माहितीय.

आणि किंमत उगाच पाडून लिहू नका. जर्मनीत घरच्यांनी पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत माफ असते, त्याच्या वर गेली तर कर मुलाला भरावा लागू शकतो. जुन्या फोनची आज जी किंमत येईल ती लिहा, शक्य असेल तर बिलाची झेरॉक्स जोडा.

खरं सांगू का, कोणी ओळखीचं तिकडं जाणार असेल तर त्याच्या हातानं देणं सगळ्यात बरं. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, म्हणजे पॉवर बँकसुद्धा हातातल्या बॅगेत जाईल, चेक-इनमध्ये अजिबात नाही. तो माणूस एमिरेट्सनं दुबईवरून जाणार असेल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं माणशी एकच पॉवर बँक चालते, तेव्हा त्याची स्वतःची आहे का ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या फोनची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण वर आलंय. दुबईतल्या भावाकडं दुरुस्तीला पाठवू का, तिकडं ओरिजिनल पार्ट मिळतो म्हणे.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : अजिबात नको भाऊ. फुगलेली किंवा खराब बॅटरी विमानानं पाठवायलाच मनाई आहे, कोणाच्या बॅगेतून पण नाही. आधी तो फोन चार्जिंगला लावायचा बंद करा, उशीखाली ठेवून झोपू नका आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका, आपल्याकडचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. नवी पेठेत चांगल्या कारागिराकडून बॅटरी काढून घ्या, ती कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या. एवढं झाल्यावर बिनबॅटरीचा फोन पाठवायचाच असेल तर खुशाल पाठवा, बॅटरी आत नसली की लिथियमचे हे नियम त्याला लागत नाहीत, फॉर्मवर तेवढं 'बॅटरीशिवाय' लिहा. फक्त भावाला एकदा विचारा, तिथल्या दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या किमतीला तर जात नाही ना.