हिगोच्या त्सुबांचा अभ्यास सुरू करताय? मग आधी हे वाचा

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीपाशी, हात राखायला बसवलेली चकती. तिच्या अभ्यासासाठी एकच प्रांत धरलात हे उत्तम केलंत. हिगो म्हणजे क्यूशू बेटावरचं आजचं कुमामोतो. 1632 मध्ये होसोकावा हे सरदार घराणं इथे आलं आणि त्यांच्या आश्रयाने हायाशी, निशिगाकी, हिराता, शिमिझु ही कारागीर घराणी बहरली. या घराण्यातला होसोकावा तादाओकी स्वतः चहा-विधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू याचा शिष्य. त्या चहा-संस्कृतीची साधी, संयत अभिरुची या लोखंडात उतरलेली दिसते, म्हणून ती बाजूही वाचाच.

सहीच्या मागे मात्र लागू नका. जुन्या हिगो त्सुबांवर बहुतेकदा सहीच नसते. घराणं ओळखायचं ते घडणीवरून: लोखंडाचा पोत आणि रंग, कडेची गोलाई, छोट्या सुरीसाठी ठेवलेल्या भोकाचा आकार. सोन्याचं काम भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. लोखंडावर बारीक उभ्या-आडव्या रेघा कोरून त्यावर सोन्याचा पत्रा ठोकून बसवतात. सोनं झिजलं की खालची जाळी उघडी पडते. ती बघायला मला आजही फार आवडतं.

खरी कसोटी कामियोशी घराण्याची. हायाशी माताशिचीचे (1613–1699) नमुने त्यांनी 19व्या शतकात इतके हुबेहूब घडवले, की नुसत्या नक्षीवरून निवाडा केलात तर फसगत ठरलेली. दोन्हींचे मोठे फोटो शेजारी ठेवून फक्त कडा ताडून बघा, नक्षी नंतर.

तोक्योतल्या एइसेइ बुंको संग्रहालयात होसोकावांचा वारसा जपलाय. तिथल्या वस्तूंपासून सुरुवात करा. खरेदीची घाई अजिबात नको.