लेकी बोले, सुने लागे

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही म्हणालात की चीनमधले इतिहासकार वर्तमानपत्रांतून, ब्लॉगवरून आजच्या समाजावर बोलतात. मला मात्र दिसतात ते मिंग नाहीतर छिंग राजांवरचे लेख. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजावर लिहिलेलं आज कुणाला बोचावं? — एक वाचक, सातारा

उत्तर : बोचतं, कारण तिथला वाचक ते राजासाठी वाचतच नाही. आपल्याकडची सासू लेकीला बोलते आणि लागतं सुनेला. चिनी इतिहासकाराची लेक म्हणजे मिंग घराणं.

वू हान यांचंच घ्या. मिंग काळाचे गाढे अभ्यासक आणि बीजिंगचे उपमहापौर. बादशहाला तोंडावर सुनावणाऱ्या हाय रुई या मिंग काळातल्या अधिकाऱ्यावर त्यांनी लिहिलेलं नाटक १९६१ मध्ये रंगमंचावर आलं. गंमत अशी, की हाय रुईचं कौतुक १९५९ मध्ये खुद्द माओच करत होते. त्याच वर्षी माओंना खरं सुनावणारे संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांचं पद गेलं. १० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या ‘वनहुई बाव’ या दैनिकात याव वनयुआन यांनी त्या नाटकावर घणाघाती लेख लिहिला. हाय रुई म्हणजे पेंग, असंच मग ते नाटक वाचलं गेलं. सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे माओंच्या विरोधकांवर उलटलेल्या त्या मोहिमेची, ठिणगी इथेच पडली. वू हान १९६९ मध्ये कैदेत वारले. कॉलेजात हा भाग शिकवताना मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, “सर, पण त्यांना खरंच पेंग म्हणायचं होतं का?” मी सांगायचो, लेखकाच्या मनात काय होतं हे कुणी विचारलंच नाही.

आडून बोलणाऱ्यांपेक्षा मला सरळ बोलणारे जास्त भावतात. ग्वांगझौचे इतिहासकार युआन वेइशी हे त्यातले. ११ जानेवारी २००६ रोजी ‘चायना यूथ डेली’च्या ‘बिंगदियान’ पुरवणीत त्यांनी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांवर लिहिलं. १९०० च्या सुमारास परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडवाल्यांनी रेल्वे उखडली, तारा तोडल्या, माणसं मारली. पुस्तकं मात्र त्यांची देशभक्तीच तेवढी सांगतात, असा त्यांचा मुद्दा होता. दोन आठवड्यांच्या आत पुरवणी बंद! १ मार्चला ती पुन्हा निघाली खरी, पण संपादक ली दातोंग यांच्याशिवाय आणि युआन यांना खोडून काढणारा लेख छापून. बंडाला तेव्हा शतक उलटून गेलं होतं. (इतिहासाच्या पुस्तकांवरून आपल्याकडे काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.)

आता हा खेळ वेइबो या चिनी समाजमाध्यमावर आलाय, आणि मला त्यात लेखकापेक्षा वाचकाचंच जास्त नवल वाटतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या सरकारी इतिहास अकादमीने एक लेख प्रसृत केला. मिंग-छिंग राजांनी देशाची दारं बंद केली असं म्हणणं चूक आहे, बाहेरच्या धोक्यापासून बचावासाठी त्यांनी स्वतःहून मर्यादा घातल्या, असा त्याचा सूर. कोविडमुळे देशाच्या सीमा जवळपास बंद होत्या. लोकांनी तो लेख आजच्या धोरणाची भलामण म्हणूनच वाचला आणि यथेच्छ झोडला. म्हणजे सरकारी इतिहासकारही या वाचकाच्या तावडीतून सुटत नाही.

पुढच्याच वर्षी मिंगांचा शेवटचा बादशहा छोंगझन याच्यावरचं एक पुस्तक नव्या वेष्टनात बाजारात आलं. हा १६४४ मध्ये राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेऊन मेला. राजा जितका राबला तितकं राज्य लवकर बुडालं, अशा अर्थाची ओळ मुखपृष्ठावर होती. ऑक्टोबरमध्ये पुस्तक परत मागवलं. कारण दिलं छपाईतल्या दोषाचं. कुठला दोष, ते वाचकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

प्रश्न : यावर कायदा आहे, की नुसता दबाव? — तेच वाचक

उत्तर : दोन्ही. वीरांच्या आणि हुतात्म्यांच्या सन्मानरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये झाला आणि २०२१ पासून त्यांची बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. त्याखाली सुरुवातीलाच सापडलेल्यांपैकी छिऊ झिमिंग हे ब्लॉगर. गलवानमध्ये चीनचे चारच सैनिक गेले या सरकारी आकड्यावर त्यांनी वेइबोवर शंका घेतली होती. नानजिंगच्या न्यायालयाने आठ महिने कैद दिली. घटना जेमतेम वर्षभरापूर्वीची, पण तीही तोवर इतिहासात जमा झाली होती.