पोर्ट ब्लेअरला बदली आणि सोबत हार्ट पेशंट सासरे

ताई, मिस्टरांची दोन वर्षांसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) बदली झालीय आणि अँजिओप्लास्टी झालेल्या सासऱ्यांना सोबत न्यावं की ठाण्यातच ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे साडेतीन वर्षं काढून पाचपाखाडीत परतलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथले डॉक्टर यथातथा, ही समजूत आधी काढून टाका. जी. बी. पंत हे मुख्य सरकारी रुग्णालय, त्याला जोडून २०१५ पासून मेडिकल कॉलेजही आहे. बीपी-शुगरसाठी मला कधी अडलं नाही.

अडतं ते "पुढे हलवा" म्हटल्यावर. ठाण्यात एका ठिकाणी आयसीयूत बेड नसला तर घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत का होईना, आपण मुलुंड गाठतो, फार तर परळ. तिथे पुढे म्हणजे चेन्नई किंवा कोलकाता. दोन्ही १३०० किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये नुसतं पाणी. स्ट्रेचरचा पेशंट विमानाने न्यायचा तर बऱ्याच सीट्स अडवाव्या लागतात, डॉक्टरचं पत्र लागतं ते वेगळंच.

एकदा कामासाठी स्वराजद्वीपला (जुनं हॅवलॉक) होतो. रात्री साडेनऊला सहकाऱ्याच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरने ईसीजी काढून फोटो पोर्ट ब्लेअरला पाठवला, तिकडून होकार येताच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. अजिबात वेळ दवडला नाही. पण बोट सकाळी! रात्रभर आम्ही मॉनिटरकडे बघत बसलो. सकाळी जेटीवर भुरभुर पाऊस, एकाने सलाइनची बाटली वर धरलेली, दुसऱ्याने तिच्यावरच छत्री धरलेली. पेशंट भिजतोय हे कुणाच्या लक्षातच नाही. गडी वाचला, अजून त्यावरून आम्हाला चिडवतो.

लक्षद्वीपला तर वस्तीची बेटंच १०, गंभीर पेशंट हेलिकॉप्टरने कोचीला नेतात. तेही हवामानाने साथ दिली तर.

तुमच्या सासऱ्यांची तब्येत स्थिर असेल आणि त्यांचे कार्डिओलॉजिस्ट हो म्हणाले, तर मी नेईन. घर मात्र शहरातच, रुग्णालयाजवळ बघा. गोळ्या तीन महिन्यांच्या न्या. नेमका आपलाच ब्रँड कधीकधी मिळत नाही. अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्ज समरी हँडबॅगेत ठेवा. मेडिक्लेममध्ये एअर अॅम्ब्युलन्स आहे का, ते आजच एजंटला विचारा. आमच्या पॉलिसीत नव्हती, आणि ते आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळलं.