नामशेष गोबी माशाची प्रजाती नुसत्या कानातल्या खड्यावरून ओळखता येते का?

येते. (गोबी हे लहान मासे; खडा म्हणजे माशाच्या आतल्या कानात तयार होणारा कडक कण, ओटोलिथ.) पण खडा वाढ झालेल्या माशाचा हवा, न झिजलेला हवा आणि एकटा नको. तुम्ही विचारलंय की सांगाडा हाती नसताना नवी प्रजाती मांडावी का. या तीन अटी पाळून जरूर मांडा. ‘खड्यावरून नाव देणं म्हणजे अंदाजपंचे काम’ हे हाडांवर काम करणाऱ्यांचं वाक्य ऐकून मी कंटाळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

निम्मे नमुने धुतानाच वाया जातात. चिकणमाती आधी पूर्ण वाळवा आणि मगच पाण्यात घाला. ओली मिसळली तर ढेकळं फुटत नाहीत. चाळणी अर्ध्या मिलिमीटरची घ्या. गोबीचे बरेच खडे १ ते ३ मिलिमीटरचे असतात, १ मिलिमीटरच्या जाळीतून लहान प्रजाती सरळ निसटतात. हाडं सोडवायला वापरतात ते अॅसेटिक अॅसिड इथे चालत नाही, कारण खडा अॅरगोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) असतो आणि विरघळतो. मातीत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडही जपून वापरा. पायराइटपासून आम्ल तयार होतं आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढरट पडतो. निवडलेले खडे लाकडी कप्प्यात ठेवू नका, लाकडाची आम्ल वाफही त्यांना खाते.

ओळख सॅजिटावर, म्हणजे गोबीच्या कानातल्या सर्वांत मोठ्या खड्यावर करायची. आतली बाजू वर, उजेड एका बाजूने तिरपा. मधली खाच बुटाच्या तळव्यासारखी दिसली की गोबी हे नक्की. प्रजातीसाठी मात्र खाचेचा कल, तिची लांबी, पुढच्या भागाची रुंदी, मागच्या भागाखालचा उंचवटा कुठून कुठपर्यंत जातो, आणि लांबी, उंची व जाडी यांची गुणोत्तरं पाहावी लागतात. मागच्या वरच्या कोपऱ्याचं टोक किती पुढे येतं तेही मोजा, पण तेच सर्वांत आधी झिजतं. वरून आणि बाजूनेही फोटो घ्या. जाडी आणि बाहेरचा फुगवटा समोरून कळत नाही.

सगळ्यात मोठी फसगत पिल्लांची. लहान माशाचा खडा गोलसर आणि साधा असतो. कोपरे, उंचवटा, खाचेचा आकार हे सगळं वाढीबरोबर ठळक होतं. त्यामुळे एकाच थरातले लहान-मोठे खडे आकारानुसार ओळीने मांडा. ओळ सलग जुळली तर ती एकच प्रजाती. मध्येच आकार तुटला तर दोन असू शकतात. ही ओळ न मांडता लहान खड्याला नवं नाव देणं मला अजिबात मान्य नाही. झिजलेल्या खड्याचंही तेच: ‘गोबी कुळ, अनिश्चित’ एवढं लिहून थांबा. १८९१ मध्ये जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ कोकेनने खड्यांवरून गोबियस व्हिसिनॅलिस हे प्रजातीचं नाव दिलं. पुढे एकमेकांशी न जुळणारे खडेही त्याखाली नोंदले गेले. म्हणून जुन्या रेखाटनाशी जुळवण्याऐवजी मूळ नमुना पाहावा.

आता हाडांचा मुद्दा. सार्मेशियन थरांतल्या (सुमारे १.२७ ते १.१६ कोटी वर्षांपूर्वीच्या) काही गोबींच्या कवटीत खडे जागच्या जागी मिळाले आहेत, क्रोएशियातल्या डोल्येचे नमुने त्यातलेच. अशा सांगाड्यांमुळे सुटा खडा आणि मणके-परांची संख्या यांची सांगड घालता येते. दगडात चेपलेल्या सांगाड्यात डोक्याची बारीक हाडं बहुतेक वेळा वाचताच येत नाहीत, तेव्हा खडाच अधिक बोलका असतो. सांगाड्याशिवाय नाव नको म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एक मात्र त्यांचं बरोबर आहे. काही जवळच्या प्रजातींचे खडे इतके सारखे असतात की मोजमापंही एकमेकांवर पडतात. आजच्या प्रजातींचे, निदान त्याच गटातले, वेगवेगळ्या वयाचे खडे शेजारी ठेवून आधी प्रजातीतला फरक किती असतो ते पाहा. तुमच्या नमुन्यातला फरक त्याच्या आत बसत असेल तर ‘सदृश’ एवढंच लिहा.