जिवाणू नवा आहे, हे कधी म्हणायचं?

प्रश्न : डुकरांच्या मलमूत्राच्या खड्ड्यातून मी ऑक्सिजनशिवाय वाढणारा एक जिवाणू वेगळा केला. त्याचं १६एस जनुक (जिवाणूची ओळख पटवायला वापरतात ते) सर्वांत जवळच्या प्रजातीशी ९७.८ टक्के जुळतं. ही नवी प्रजाती म्हणून जाहीर करता येईल का? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : शक्यता दाट आहे, पण घाई नको. ही टक्केवारी पूर्ण जनुकावरून, म्हणजे सुमारे १५०० बेसवरून (डीएनएच्या अक्षरांवरून) काढली आहे ना? या जनुकाचे काही भाग भराभर बदलतात, काही फारसे बदलतच नाहीत. त्यामुळे पाचसातशे बेसच्या तुकड्यावरचा आकडा मी तरी धरत नाही. तुलनाही डेटाबेसमधल्या कुठल्याही नोंदीशी नको, टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे त्या प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या जिवाणूशीच हवी.

त्याआधी कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) शुद्ध आहे का, ते बघा. अशा नमुन्यांत खरा त्रास इथेच होतो. प्लेटवर कॉलनी एकसारखी, गुळगुळीत दिसते आणि ग्रॅम स्टेनिंग करून, म्हणजे पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की लांबट दंडगोलांमध्ये चारदोन गोल पेशी डोकावतात. पुन्हा पुन्हा स्ट्रीक करा, म्हणजे प्लेटवर पसरवून सुट्या कॉलनी वेगळ्या काढा. वाढीच्या माध्यमात रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घालत असालच. ते गुलाबी झालं तर ऑक्सिजन शिरला, ती नळी बाद.

साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी, असं साधारण धरतात. उलट, म्हणजे साम्य जास्त तर प्रजाती एकच, हे मात्र खरं नाही. बॅसिलस अँथ्रॅसिस आणि बॅसिलस सिरियस यांची १६एस जनुकं जवळपास सारखीच आहेत, तरी एक अँथ्रॅक्स घडवतो आणि दुसरा बहुधा अन्नविषबाधा. म्हणून पूर्ण जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) वाचून घ्याच. जवळच्या प्रजातीशी त्याचं सरासरी साम्य ९५–९६ टक्क्यांखाली आलं, तर तुमची बाजू भक्कम झाली. नव्या प्रवर्गाचा (जीनसचा) विचार मात्र सोडा. त्यासाठी १६एस साम्य साधारण ९४.५ टक्क्यांच्या खाली लागतं.

मग तापमान, सामू, कोणत्या शर्करा आंबवतो, कोणती आम्लं सोडतो, पेशीपटलातली मेदाम्लं कोणती, हे सगळं तपासायचं. शेजारच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवून त्याच माध्यमात, त्याच वेळी वाढवा. जुन्या शोधनिबंधातले आकडे उचलून तक्ता भरणं मला अजिबात पटत नाही. माध्यम बदललं की मेदाम्लं बदलतात. मग तुलना कशाची करणार?

जिवाणूंच्या नामकरण संहितेनुसार जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावं लागतं, त्याशिवाय नाव वैध ठरत नाही. तेव्हा पहिलं काम हे करा : ग्लिसरॉलमध्ये भरपूर नळ्या भरून उणे ८० अंशांवर ठेवा आणि त्यांतली एक वितळवून जिवाणू पुन्हा वाढतो का, ते पाहून घ्या.