हात वर करून मॅनेजर काय मागतो?

प्रश्न : डीआरएस कळतो; पण अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) दोन्ही हात वर का करतो? (एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : ‘थांबा’ एवढंच! हात लगेच वर करायचे, मग 15 सेकंदांत चॅलेंज (पंचाच्या निर्णयाविरुद्ध रिव्ह्यू) घ्यायचं की नाही ते ठरवायचं. तेवढ्यात संघाचा माणूस आत व्हिडिओ बघून डगआउटमध्ये फोनवर कळवतो. साखळी सामन्यात चॅलेंज एकच. निर्णय फिरला तर शाबूत राहतं. अंतिम निकाल न्यूयॉर्कमधून येतो. पहिल्या बेसवर (बॅटरने धावत गाठायचा पहिला टप्पा) चेंडू क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये आधी की बॅटरचा पाय बेसवर आधी, हे एकेक फ्रेम थांबवून पाहतात. गोची इथेच: ग्लोव्ह अंगाआड गेला तर ठोस पुरावा मिळत नाही, मूळ निर्णय कायम. आपल्या ‘अंपायर्स कॉल’चा चुलतभाऊच म्हणा. ही चॅलेंजची पद्धत 2014 पासूनची. 2008 मध्ये रिप्ले आला तो फक्त होमरनपुरता (आपल्या सिक्सरसारखा फटका).